फळ्यांखालची वायर

९ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

आजीचे पोटभर आशीर्वाद. फोनवर तू दोन शब्द बोलून "ठेवते गं आजी" म्हणतेस आणि खरंच ठेवतेस. कागदाचं तसं नसतं, तो शेवटपर्यंत वाचावा लागतो. म्हणून हे पत्र. दुसरीतून उठवलेल्या बाईचं अक्षर आहे, वेलांट्या इकडच्या तिकडे झाल्या तर तू सरळ करून घे.

तू गेलीस त्याला तेवीस दिवस झाले. तुझी आई सगळ्यांना सांगते, गोदामात लागली, बरं चाललंय. बरं कसलं डोंबलाचं? वायरमनच्या परवान्याला अर्ज करणारी मुलगी परक्या गावात जाऊन गोदामाचे दिवे बदलते, याला बरं म्हणतात होय? तुला तो खालच्या हॉलमध्ये केलेल्या वायरिंगच्या कामाचा दाखला हवा होता, आमच्या कमिटीच्या सहीचा, अर्जाला जोडायला. एकतीस मार्चच्या आत. तो त्यांनी दिला नाही, आणि तू बॅग भरलीस. माझ्याशी भांडलीसुद्धा नाहीस. तेच मला जास्त लागलं.

आता ऐक. काल खालच्या हॉलमध्ये इमारतीची मीटिंग होती. मी माझी खुर्ची घेऊन पहिल्या रांगेत. हॉलमध्ये आता ती लॅमिनेटच्या फळ्यांची जमीन चकचकते आहे, आणि तिच्या वर, अगदी डोळ्यांसमोर, भिंतीवरून प्लास्टिकच्या पट्टीतून नवी वायर फिरवली आहे. नव्या कपड्याला जुन्या धाग्याचा टाका दिसावा, तशी दिसते. एकीने विचारलं, ही वायर अशी का? तर तो जमीनवाला ठेकेदार (मी त्याला फळीवालाच म्हणणार) उभा राहिला आणि म्हणतो, "त्या पोरीने चाळीस फूट वायर नुसती फळ्यांच्या फोमखाली फेकली होती. सुतळी फेकावी तशी. जमिनीत झिरी मारलीच नाही. आठ दिवसांत दाराकडचे पॉइंट बंद पडले. ती जुनी लाइन मी बोर्डातून तोडून टाकली आणि इमारत वाचवली."

मी म्हटलं, "फळ्या काढून दाखवा की."

तो हसला. "आजी, या फळ्या एकमेकींत अडकवलेल्या असतात. दारापासून सुरुवात केली, खिडकीशी संपवल्या. दाराजवळचं बघायचं तर खिडकीपासून अख्खा हॉल उचलावा लागतो. कोण उचलणार, तुम्ही?"

सगळे हसले गं. सेक्रेटरी तर मिशीवर हात ठेवून हसला. मग मीही हसले. माझी थोरली नणंद माझ्या शिवणाला एकदा चारचौघींत हसली होती, तेव्हाही मी अशीच हसले होते. अकरा वर्षं थांबले. तिच्या लेकीच्या साखरपुड्याचं झबलं, नव्हे झगा, माझ्याकडे शिवायला आला तेव्हा तिला माझ्या दारात तीन खेपा घालायला लावल्या, आणि तिसऱ्या खेपेला विचारलं, "वन्सं, शिवण सरळ आहे ना, नीट बघून घ्या." आता माझ्याकडे अकरा वर्षं नाहीत. एकतीस मार्च आहे.

तर मला एवढंच सांग. तू वायर कशी घातलीस? आणि दुसरं, असंच आपलं विचारते, त्या फळ्यांना कशाचं वावडं असतं?

तुझी आजी


१६ फेब्रुवारी

प्रिय आजी,

पत्र मिळालं. गोदामातले सगळे विचारत होते कुणाचं पत्र, इतकं जाड.

तू कुणाशी भांडू नकोस. वायर कशी घातली ते सांगते, म्हणजे तुझं समाधान होईल. एका बाजूला काच आणि दुसऱ्या बाजूला नवा गिलावा, म्हणून लाइन जमिनीतून न्यायची ठरली. खिडकीजवळच्या बोर्डापासून दारापर्यंत काँक्रीटमध्ये मशीनने झिरी मारली, म्हणजे दोन बोटं खोल चर. त्यात पाइप, पाइपात वायर, वरून लोखंडी पट्टी, म्हणजे चुकून कुणी स्क्रू मारलाच तर तो पट्टीवर अडावा. मग सिमेंटने सपाट. त्याच्यावर फोम आणि फोमवर फळ्या. लॅमिनेट नुसतं टेकलेलं असतं आजी, ते जमिनीला कुठेच खिळायचं नसतं. त्या ठेकेदाराने दाराचा रबरी स्टॉपर फळीतून थेट जमिनीत स्क्रू मारून बसवला. वायर तिथून जाते असं मी कागदावर काढून दिलं होतं. त्याने तो कागद चहाच्या कपाखाली ठेवला.

फळ्यांना पाण्याचं वावडं. ओल्या फडक्याने कधीच पुसायचं नाही. आतून त्या दाबलेल्या भुशाच्या असतात, पाणी प्यायलं की फुगतात. भिंतीलगत बोटभर फट सोडली असेल तर फुगल्या तरी सरकायला जागा मिळते. याने घाईत बऱ्याच ठिकाणी फट सोडली नाही. तू हॉलमध्ये जाशील तेव्हा तांब्या सांडू नकोस एवढंच.

आणि आजी, जाऊ दे. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करीन. इथे पगार वेळेवर होतो.

तुझी भिंगरी


२१ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

किती छान समजावून सांगतेस गं! शाळेत मला तुझ्यासारखी मास्तरीण मिळाली असती तर मी तिसरीत नक्की गेले असते.

इकडे सगळं उत्तम. माझी तब्येत तर अशी सुधारली आहे की तुझी आई संशयाने बघते. कारण सांगू? मी काम धरलं आहे. हॉल पुसणारी बाई महिनाभर सुटीवर गेली. सेक्रेटरी सगळ्यांच्या दारात विचारत फिरत होता, कोण पुसणार, कोण पुसणार. मी म्हटलं, "मी पुसते. म्हातारीच्या हाताला काम आणि जिन्यावरून ये-जा, दोन्ही होईल." तो इतका गहिवरला की मला 'मातोश्री' म्हणाला. उद्या तुझ्या मातोश्रीची ओळख पटेल म्हटलं, मनात.

रोज सकाळी हॉलमध्ये आम्हा बायकांचा व्यायाम होतो, हात वर, हात खाली. सगळ्या गेल्या की मी बादली घेते. खिडकीकडे हलकासा हात फिरवते, आणि दाराकडे मात्र अगदी मन लावून. दाराकडे पायांची घाण फार येते ना. फळ्यांच्या सांध्यांत माती बसते, ती निघेपर्यंत फडकं तिथेच ठेवावं लागतं. कधी कधी मी फडकं तिथे ठेवून वर चहा प्यायला जाते. वयच झालं, विसरायला होतं.

फळीवाला परवा आला होता, बिलावर सही घ्यायला. मला बादलीशी बघून म्हणतो, "काय आजी, नातीच्या पापाची भरपाई का?" मी म्हटलं, "हो रे बाबा, आपल्या घरातल्यांनी केलेलं आपणच निस्तरायचं." त्याने शूज न काढता माझ्या ओल्या जमिनीवरून चालून दाखवलं. चाल म्हटलं. त्या शूजचे ठसे मी तसेच ठेवले, आणि तेवढ्या जागेवर दुसऱ्या दिवशी दोन बादल्या.

तू जाऊ दे म्हणतेस. जाऊ देणारी माणसं वेगळी असतात, ती आपल्या घराण्यात नाहीत. खाणंपिणं नीट कर.

तुझी आजी


२८ फेब्रुवारी

आजी,

फडकं पिळतेस ना? खरं सांग. तुझ्या पत्रातून पाणी ठिबकतंय.

हे बघ, मला कळतंय तू काय करते आहेस. नको करूस. एक तर तू घसरून पडशील. दुसरं, तो हॉल सगळ्यांचा आहे. आणि तिसरं, मला खरंच नकोय तो दाखला. जमीन उघडून काय मिळणार? लोक दोन दिवस बोलतील आणि विसरतील. मी इथे रुळले आहे. मुकादम बाई चांगली आहे, ती म्हणाली सहा महिन्यांत बढती देईन.

तू मला वचन दे की बादलीला हात लावणार नाहीस. वचन दिलंस तर मी सुटीत येईन. नाहीतर येणार नाही.

भिंगरी


८ मार्च

चि. भिंगरी,

तुझं पत्र आलं तेव्हा काम उरकलेलंच होतं, त्यामुळे वचन द्यायला माझी काही हरकत नाही. दिलं. बादलीला हात लावणार नाही.

अगं काय सांगू, फुगली! आधी सांध्यांच्या कडा वर आल्या, भिजलेल्या वहीच्या कोपऱ्यांसारख्या. मग गुरुवारी सकाळी व्यायामाला गेलो तर दारापासून पाच पावलांवर जमिनीला टेंगूळ! मी तर नवं बाळ बघावं तशी बघत राहिले. आमच्यातली एक म्हणाली, खाली काहीतरी जिवंत आहे. सेक्रेटरी धावत आला आणि त्याच टेंगळावर अडखळून माझ्या खुर्चीला मिठी मारून वाचला. मी त्याला पाणी दिलं. पाण्याला माझ्याकडे कधीच तोटा नाही.

फळीवाल्याला बोलावलं. कमिटीतले सगळे जमले. तो आल्या आल्या ओरडला, "पाणी ओतलंय! पाण्याची हमी मी देत नाही!"

मी हात जोडले. "मी पुसते रोज. पुसायचं नाही असं तुम्ही कुणाला सांगितलं होतं का?"

कुणालाच नव्हतं सांगितलं.

"आणि," मी म्हटलं, "मी अडाणी बाई, पण मला वाटतं, फळ्या फुगल्या तर सरकायला भिंतीशी बोटभर फट लागते. ती कुठे आहे ते दाखवता का?"

सेक्रेटरीने भिंतीकडची पट्टी स्वतः उचकटली. फळी भिंतीला अशी चिकटलेली की मधे कागद जाईना. फळीवाल्याच्या तोंडाचा रंग उडाला गं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला, चांगला उडाला होता. तरी म्हणतो, "टेंगळाजवळच्या चार फळ्या कापून बदलतो." तेव्हा मी त्याच्या आवाजात म्हटलं, "अहो, या फळ्या एकमेकींत अडकवलेल्या असतात. दाराजवळचं बघायचं तर अख्खा हॉल उचलावा लागतो." या वेळी सगळे हसले ते त्याला.

ठरलं. चौदा तारखेला, शनिवारी सकाळी नऊला, खिडकीपासून सुरुवात करून सगळी जमीन तो स्वतःच्या हाताने उचलणार. फुकट. आणि सेक्रेटरी म्हणाला, उचलतोच आहोत तर त्या वायरचंही बघून घेऊ. झिरी निघाली तर तुमच्या नातीचा दाखला तिथल्या तिथे देतो.

एकतीसला सतरा दिवस उरतात. मी चौदा तारखेला नवी चप्पल घालणार आहे.

तुझी आजी


११ मार्च

आजी,

हे पत्र तुला शनिवारच्या आत मिळायला हवं. फोन करून सांगायची हिंमत नाही, चार वेळा नंबर लावला आणि तोडला.

झिरी पूर्ण नाही. दाराजवळ वीतभर राहिली आहे.

त्या दिवशी संध्याकाळी मशीनची चकती तुटली. शेवटची वीतच उरली होती. तो ठेकेदार मागे उभा राहून म्हणत होता, माझा माल आला आहे, तुझ्यामुळे माणसं बसून आहेत, बाईला काम दिलं की असंच होतं. मला वाटलं, सकाळी लवकर येऊन छिन्नी-हातोड्याने करून टाकीन. तेवढ्या जागेत वायर तशीच जमिनीवर ठेवली. पाइप नाही, पट्टी नाही. सकाळी आले तर त्याने दाराकडून फोम आणि पहिल्या चार ओळी टाकलेल्या होत्या. मी म्हणायला हवं होतं, उचला, माझं काम राहिलंय. नाही म्हटलं. त्याच्या तोंडून आणखी एक वाक्य ऐकायचं नव्हतं.

स्टॉपरचा स्क्रू त्या वीतभर जागेतच गेला. पट्टी असती तर अडला असता. मी तुला, आईला, सगळ्यांना सांगितलं की दारापर्यंत झिरी मारली. म्हणून मी निघून आले. त्याने खोटं सांगितलं म्हणून नाही, माझंही थोडं खोटं होतं म्हणून.

उचलणं थांबव आजी. काहीही कारण सांग. सगळ्यांसमोर तुझी मान खाली जाईल, आणि ती माझ्यामुळे.

भिंगरी


१५ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. सगळं होऊन गेल्यावर. आता नीट बसून वाच, कारण मी क्रमाने सांगणार आहे.

सकाळी नऊला सगळी इमारत हॉलमध्ये. फळीवाला गुडघ्यांवर. खिडकीकडची पहिली ओळ निघाली, फोम गुंडाळला, आणि खाली सिमेंटची सरळ रेघ. सेक्रेटरीने स्क्रूड्रायव्हरने टोकरून पाहिलं, खाली लोखंडी पट्टी. टण्! मी म्हटलं, "हे काय हो, सुतळी का?" दुसरी ओळ, रेघ. तिसरी ओळ, रेघ. दर ओळीला मी विचारायची, "सुतळी?" आणि मागून कुणीतरी म्हणायचं, "टण्!" पाचव्या ओळीपासून सगळा हॉलच म्हणू लागला. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि मी तो मोजत होते गं. इतकं गार मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. सरळ रेघ, पट्टीने आखावी तशी, दोन बोटं रुंद. माझ्या नातीच्या हातची. नणंदेला दाखवायला हवी होती.

मग दार आलं. त्याने स्टॉपर काढला, शेवटची फळी उचलली, फोमचा कोपरा वर केला. मी त्याच्या डोक्यावर उभी होते, कारण मला त्याचं तोंड जवळून बघायचं होतं. म्हणून त्याच्या बरोबरीने मलाही दिसलं. रेघ संपते. तिथून दोन बोटांवर वायरीला काळं भोक. आणि त्यापुढे वायर उघडी, जमिनीवर आडवी, लाज सोडून.

त्याने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत जीव आला. तो तोंड उघडणार, तेवढ्यात मी एक पाऊल पुढे टाकलं आणि त्या उघड्या वायरीवर उभी राहिले. दोन्ही पाय जोडून. नवी चप्पल जरा रुंदच आहे. मेलेली वायर, ती मला काय करणार!

"आजी, जरा सरका," तो म्हणाला.

"गुडघ्यात कळ आली रे. हलता येत नाही." आणि मग खाली वाकून फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "चाळीस फूट म्हणाला होतास ना? मोज आता, किती निघाले. आणि स्क्रू मऊ वायरीत गेला तेव्हा तुझ्या हाताला कळलं नव्हतं? सांग सगळ्यांना. मी सरकते."

त्याने फोम गुंडाळायला घेतला. सेक्रेटरी वाकला, त्याला भोक दिसलं, काळं झालेलं. स्क्रूचं भोक. रेघेला लागूनच. दोन बोटं कोण मोजतो? तो ताठ झाला आणि फळीवाल्याला असं काही बोलला की मी ते पत्रात लिहू शकत नाही, पण तोंडी सांगीन, नक्कल करून. फळीवाल्याने सगळ्यांसमोर म्हटलं, "चूक माझी." दोनदा म्हणायला लावलं, मागच्या रांगेला ऐकू गेलं नव्हतं.

मग सेक्रेटरीने खिशातून तुझा दाखला काढला, पेनाचं टोपण काढलं आणि कागद माझ्या पाठीवर ठेवू लागला सहीसाठी. मी म्हटलं, "आत्ता नको."

हो. मीच म्हटलं. "वायर जळलेली आहे. ती बदलून, काम पुरं झालं की सही करा. पुरं काम म्हणून लिहिलंय ना वर?" सगळे म्हणाले, काय ही बाई, किती खरी! मी व्यायामाची चटई ओढून ती जागा झाकली, मगच निघाले. मला जिन्यापर्यंत टाळ्या वाजवल्या. आणि वर आल्यावर तुझं पत्र.

तर आता तुझा हिशेब. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून मी चारचौघांत चावले नाही. त्याच्या चाळीस फुटांच्या खोट्यापुढे तुझं वीतभर. पण वीतभर आहे. त्याचं मला काही वाटत नाही, तो माझा कोण? तू माझ्याकडून पंधरा बादल्या वाहून घेतल्यास, आणि तुला ठाऊक होतं खाली काय आहे ते. त्याचं उट्टं मी काढणारच.

येत्या शनिवारी नऊ वाजता हॉलमध्ये यायचं. मी सगळ्यांना सांगितलं आहे की जळलेला तुकडा माझी नातच बदलणार, तोवर एकही फळी लागणार नाही. फळीवाल्याचा सगळा माल भिंतीला टेकून उभा आहे आणि त्याची दुसरी कामं अडली आहेत, कालपासून दोनदा येऊन त्याने मला विचारलं, "आजी, कधी येणार?" मी म्हटलं, "बघू." त्या जागेवरची चटई तशीच आहे आणि चटईवर मी बसते.

मशीन आणायचं नाही. छिन्नी आणि हातोडा. वीतभर, दोन बोटं खोल, पाइप, पट्टी, सगळं. जवळ कुणी नसेल, फक्त मी खुर्चीत आणि तो सुपली घेऊन गुडघ्यांवर, तुझा चुरा गोळा करायला. हे त्याने कबूल केलं आहे, कारण मी चटईवरून उठल्याशिवाय त्याची एकही फळी लागत नाही. तू त्याला सांग तुझं काय राहिलं होतं ते. माझ्यासमोर सांग. मग त्यानेही सांगावं, स्क्रू जाताना हाताला काय कळलं ते.

सही त्याच दिवशी दुपारी. अर्ज तू स्वतः नेऊन द्यायचा.

आणि हो, फोडताना घाई करायची नाही. तुझा हात आणि त्याचे गुडघे, दोन्ही चांगले भरून येऊ देत.

तुझी आजी